मैदानावरचे छप्पर

पावसाळ्यातल्या शाळेची आठवण निघाली की मला पहिल्याने आठवतो तो खेळाचा तास. तो आठवड्यातून दोनदा असे, आणि जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत बहुधा कधीच होत नसे. घंटा झाली की आम्ही पोरे व्हरांड्याच्या कडेला येऊन उभी राहत असू. समोर मैदानाचे तळे झालेले असे. आमचे ड्रिलमास्तर छत्री मिटीत यायचे, तळ्याकडे एकवार पाहायचे आणि म्हणायचे, "चला रे, वर्गात बसा. आज भेंड्या!" चार महिने भेंड्या खेळून आमचा आवाज तेवढा सुधारला. मुलींच्या वाट्याला तर भेंड्याही नव्हत्या. त्यांचा खेळाचा तास म्हणजे बाराही महिने शिवणाचा तास.

पाऊस हा खेळाचा वैरी आहे आणि त्यावर उपाय नाही, असेच तेव्हा आम्हांला वाटे. पुढे वाचता वाचता कळले की हा तास जगभर असाच बुडत आलेला आहे. थंड देशांत तर तो वर्षातले चार-पाच महिने बुडे. तेथे पावसाच्या जागी बर्फ असे, आणि मैदान चिखलाऐवजी दगडासारखे टणक होऊन बसे. त्या बुडालेल्या तासासाठी मैदानावर छप्पर घालण्याचा जो खटाटोप माणसांनी गेली दोनशे वर्षे चालविला आहे, त्याची हकीकत मोठी मौजेची आहे. मौजेबरोबर तीत एक अवघड प्रश्नही आहे. छप्पर घालायचे ठरले की विचारावेच लागते: हे छप्पर कोणासाठी?

*

छपराखालचे मैदान ही कल्पना आपल्याला परकी नाही. आपली तालीम म्हणजे दुसरे काय? हौद्यातली तांबडी माती चाळायची, तीत तेल, ताक, हळद मुरवायची, रोज खोऱ्याने उकरून ती लोण्यासारखी मऊ ठेवायची. पावसाची एक सर आत आली की सगळी मेहनत चिखलात! म्हणून तालमीला भिंती आणि वर छप्पर. कुस्तीचा फड मात्र आभाळाखाली. शाहू महाराजांनी १९१२ साली कोल्हापुरात खासबाग मैदान उभे केले तेही उघडेच. मेहनत छपराखाली आणि कसोटी उघड्यावर, अशी आपली जुनी वाटणी होती.

परंतु तालीम ही ज्याच्या त्याच्या हौसेची गोष्ट; शाळेच्या वेळापत्रकाशी तिचा संबंध नव्हता. चाळीस-पन्नास मुलांच्या सबंध वर्गाला ठरलेल्या वेळी खेळवायचे, त्यात अंगाने धट्टाकट्टा आणि किडकिडीत असा भेद करायचा नाही, ही जबाबदारी शाळेने अंगावर घेतली ती एकोणिसाव्या शतकात, युरोपात. आणि तेथे तिची गाठ पडली हिवाळ्याशी.

बर्लिनचा डिसेंबर डोळ्यांपुढे आणा. दुपारचे चार वाजतात न वाजतात तोच अंधार पडतो. अशा शहरात फ्रीडरिख लुडविग यान नावाच्या एका शिक्षकाने १८११ च्या जूनमध्ये हाझेनहाइड नावाच्या माळावर व्यायामाचे मैदान उघडले. नेपोलियनने प्रशियाला लोळवून पाच वर्षे होत होती. पोरे बळकट झाली तर देश उठेल, ही यानची तळमळ. आपल्या शाळांतून आजही दिसणारे डबल बार त्याच्याच मैदानातून जगभर गेले. उन्हाळ्यात मैदान आणि हिवाळ्यात एखादी बंदिस्त जागा, असा क्रम सुरू झाला.

यानंतर जे घडले त्यात हिवाळ्याचा काही दोष नाही. १८१९ साली झांड नावाच्या विद्यार्थ्याने कोत्सेबू या नाटककाराचा खून केला. या विद्यार्थ्याचा व्यायाम-चळवळीशी संबंध होता. सरकारला निमित्त मिळाले. यानला अटक झाली आणि १८२० साली प्रशियात सार्वजनिक मैदानावरच्या या व्यायामाला बंदी झाली. ती बंदी १८४२ पर्यंत, म्हणजे बावीस वर्षे टिकली. हिवाळा चार महिन्यांनी तरी संपतो. सरकारी हिवाळ्याला ऋतूचा नियम नसतो. या काळात व्यायाम जगला तो भिंतींच्या आड. यानचा सहकारी एर्न्स्ट आयझेलेन याने बर्लिनमध्ये खाजगी व्यायामशाळा चालविली आणि उघड्यावर जे करता येत नव्हते ते तेथे टिकवून धरले. थंडीपासूनचा आसरा म्हणून शोधलेले छप्पर असे राज्यकर्त्यांच्या नजरेपासूनचा आसरा झाले.

बंदी उठली तेव्हा व्यायाम शाळेत शिरला, परंतु तो बदलून. मैदानावरचा मोकळा दंगा जाऊन रांगा आल्या, हुकूम आले, एक-दोन-तीन-चार आले. १८४८ पासून डार्मश्टाट येथे काम करणाऱ्या आडोल्फ श्पीस याने शालेय व्यायामाला पद्धतशीर रूप दिले. व्यायाम मुलींनाही हवा, असा त्याचा आग्रह होता. या माणसाचे हे ऋण मोठेच आहे. तरी हेही म्हणावे लागते की बंदिस्त दालनातली ती कवायत पोरांना मनापासून आवडली असे फारसे दिसत नाही. आपल्या ड्रिलच्या तासाचे एक मूळ तेथे आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या पोरांविषयी आपोआप सहानुभूती वाटू लागते.

*

इंग्रजांचा रस्ता वेगळा. त्यांना कवायतीपेक्षा चेंडू प्यारा. रॅकेट्स नावाचा त्यांचा एक खेळ आहे. भिंतीवर चेंडू आपटून खेळायचा. हा खेळ वाढला कोठे, तर लंडनच्या तुरुंगांत! कर्ज फेडता न आल्याने आत पडलेल्या मंडळींना वेळ भरपूर आणि भिंती उंच; त्यांनी तुरुंगाच्या उघड्या अंगणात हा खेळ चालविला. तेथून तो बड्या घरच्या मुलांच्या हॅरो शाळेत पोहोचला. मुले शाळेच्या भिंतीवर खेळत. पण इंग्लंडातली हवा अशी की पाऊस कोणत्या घटकेला येईल याचा नेम नाही. १८६० नंतरच्या दशकात हॅरोमध्ये छप्पर घातलेले रॅकेट्सचे कोर्ट उभे राहिले.

छप्पर आले, पण कोर्ट एक आणि मुले अनेक. ज्यांची पाळी येत नसे ती मुले वसतिगृहांच्या आसपासच्या अरुंद अंगणांत खेळत. तेथे कडक चेंडू मारला तर खिडक्या फुटणार, म्हणून ती दाबला जाणारा मऊ रबरी चेंडू घेत. त्या अडचणीतून जो खेळ निघाला तो स्क्वॉश. आज रॅकेट्स खेळणारे थोडे उरले आहेत आणि स्क्वॉश जगभर खेळला जातो. छपराखाली ज्यांना जागा मिळाली नाही त्यांचाच खेळ अखेर मोठा झाला, ही गोष्ट मला फार आवडते.

फ्रान्समध्ये सरकारनेच या कामात लक्ष घातले. १८७० च्या युद्धात प्रशियाकडून हार खाल्ल्यावर फ्रेंचांना शाळांची आठवण झाली. १८८० नंतर तेथे गावोगाव ज्या शाळा बांधल्या गेल्या त्यांत मैदानाच्या एका बाजूला छप्पर घातलेली, पुढून उघडी अशी जागा ठेवण्याची पद्धत पडली. तिला तिकडे 'प्रेओ' म्हणतात. चार खांब, वर कौले, खाली फरसबंदी; पाऊस असो की बर्फ, मधल्या सुट्टीत पोरांनी तेथे उधळावे. मोठ्या इमारतीचा खर्च नको आणि मुलांना वर्गात कोंडणेही नको, असा हा साधा तोडगा. फ्रान्समधल्या कितीतरी माणसांची बाळपणाची पहिली आठवण या प्रेओतली असते. साध्या वस्तूंचा इतिहास कोणी लिहीत नाही. पण मुलांवर उपकार त्याच अधिक करतात.

*

आता या कथेतला मुख्य प्रसंग. स्थळ अमेरिकेतले मॅसॅच्युसेट्स राज्य, गाव स्प्रिंगफील्ड; काळ १८९१ चा डिसेंबर. तेथे यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनची, म्हणजे आपल्याकडे वाय. एम. सी. ए. या नावाने ठाऊक असलेल्या संस्थेची, शिक्षक व चिटणीस तयार करणारी शाळा होती. शरद ऋतूत मुले फुटबॉल खेळत, वसंतात बेसबॉल. मधला हिवाळा मात्र व्यायामशाळेच्या चार भिंतींत जर्मन आणि स्वीडिश कवायतीत काढावा लागे. त्यांतला अठरा जणांचा एक वर्ग फारच वैतागलेला होता. ही काही शाळकरी पोरे नव्हती. पुरती वाढलेली माणसे. दोन शिक्षकांनी त्यांच्यापुढे हात टेकले होते.

हा वर्ग जेम्स नेस्मिथ या तीस वर्षांच्या शिक्षकाकडे आला. नेस्मिथ मूळचा कॅनडातला. नऊ वर्षांचा असताना आईबाप गेले, मामाकडे वाढला. त्याच्या स्वभावातला एक विशेष येथे सांगितला पाहिजे, कारण पुढचे सारे त्यावर उभे आहे. वर्ग बिघडला म्हणजे शिक्षक सहसा वर्गाला दोष देतात. नेस्मिथचे म्हणणे असे पडले की दोष या माणसांचा नाही, आपण त्यांना जे करायला सांगतो त्याचा आहे. त्यांना खेळ हवा आहे आणि आपण कवायत देतो. विभागाचे प्रमुख ल्यूथर ग्यूलिक यांनी त्याला चौदा दिवसांची मुदत दिली: छपराखाली, दिव्याच्या उजेडात खेळता येईल असा खेळ काढून दाखव.

पहिले बारा-तेरा दिवस सरळ फुकट गेले. त्याने मैदानी खेळच उचलून आत आणून पाहिले. फुटबॉल आत आणला तर माणसे भिंतींवर आदळू लागली. पायाने खेळायचा फुटबॉल आणला तर खिडक्यांच्या काचांची धडगत राहिना. लॅक्रॉस आणला तर काठ्यांनी डोकी फुटायची वेळ आली. मुदत संपत आली तेव्हा नेस्मिथच्या ध्यानात आले की मैदान उचलून छपराखाली ठेवता येत नाही. छपराखाली खेळ नव्यानेच रचावा लागतो.

मग त्याने एकेक गाठ सोडवायला घेतली. दांडगाई का होते? चेंडू घेऊन पळणाऱ्याला पाडावे लागते म्हणून. तर मग चेंडू घेऊन पळायचेच नाही. चेंडू इतक्या जोरात का मारतात? गोल समोर, उभा असतो म्हणून. तर गोल डोक्याच्या वर आणि आडवा ठेवू. चेंडू हलकेच, कमान करून टाकावा लागेल. लहानपणी गावात तो एक खेळ खेळे. मोठ्या दगडावर ठेवलेला छोटा दगड लांबून दगड मारून पाडायचा. त्यात जोराने मारणाऱ्यापेक्षा अलगद, कमानीत टाकणाराच जिंके. ती आठवण येथे कामी आली.

त्याने शाळेच्या रखवालदाराकडे दोन खोकी मागितली. रखवालदार म्हणाला, खोकी नाहीत, पीच फळांच्या दोन टोपल्या आहेत, चालतील? त्या टोपल्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या. त्या विशिष्ट इमारतीतला तो कठडा जमिनीपासून दहा फूट उंच होता. आज जगात जेथे जेथे बास्केटबॉलची कडी आहे तेथे तेथे ती दहाच फुटांवर आहे. गेल्या सव्वाशेहून अधिक वर्षांत माणसे उंच झाली, खेळ पार बदलला. पण स्प्रिंगफील्डच्या त्या सुताराने सज्जा जेथे घातला तेथून कडी हललेली नाही. छप्पर हे खेळाच्या नियमांचा अर्धा लेखक असते, ते असे.

तेरा नियम टंकलिखित करून फलकावर लावले गेले आणि नऊ-नऊ जणांचे दोन संघ उतरले. सबंध सामन्यात चेंडू एकदाच टोपलीत पडला. टोपलीला बूड होते, त्यामुळे तो काढायला शिडी लावावी लागली! पण वैतागलेला वर्ग त्या दिवसापासून तासाची वाट पाहू लागला. शिक्षकाला याहून मोठे बक्षीस कोणते मिळते?

या खेळाची वार्ता किती झपाट्याने पसरली ते पाहा. १८९२ च्या जानेवारीत नियम शाळेच्या पत्रात छापून आले. ते वाचले जवळच्याच नॉर्दॅम्प्टन गावी मुलींच्या स्मिथ कॉलेजात नुकत्याच आलेल्या सेंडा बेरेन्सन या तरुण शिक्षिकेने. १८९३ च्या मार्चमध्ये तिने आपल्या विद्यार्थिनींचा सामना लावला. सामन्याला पुरुषांना मज्जाव होता. दाराबाहेर गर्दी आणि आत दोन्ही वर्गांच्या मुली रंगीत फिती लावून आरोळ्या ठोकीत आहेत, असे ते दृश्य! आरंभीच चेंडू उडविताना एका मुलीचा खांदा निखळला. तो बसविला गेला आणि खेळ पुढे चालू झाला. बाईंनी नियमांत फेरफार केले. कोर्टाचे तीन भाग पाडले, हिसकाहिसकीला बंदी केली. हे फेरफार आज आपल्याला जरा बावळट वाटतील. पण त्या काळी मुलीने घाम गाळून धावणे हेच नवल होते. उघड्या मैदानावर, रस्त्याने जाणाऱ्यांच्या देखत, त्या धावल्या असत्या तर गहजब झाला असता. छपराने त्यांना थंडीपासून वाचविले हे खरेच. त्याहीपेक्षा त्याने त्यांना लोकांच्या नजरांपासून वाचविले. बर्लिनमध्ये जे यानच्या शिष्यांच्या बाबतीत घडले तेच येथे वेगळ्या रीतीने घडले. मात्र आडोसा हा उंबरठा असावा, कायमचे घर नव्हे. स्मिथ कॉलेजच्या त्या मुलींच्या नाती-पणतींना दार बंद करून खेळावे लागले नाही, यातच त्या सामन्याचे यश आहे.

चारच वर्षांनी, १८९५ साली, स्प्रिंगफील्डजवळच्या होल्योक गावी विल्यम मॉर्गन याने व्यायामशाळेतच मधोमध जाळे बांधून हॉलीबॉल काढला; बास्केटबॉलची धावाधाव न झेपणाऱ्या मध्यमवयीन व्यापाऱ्यांसाठी. दोन बांबू आणि एक जाळे एवढ्यावर आपल्या खेड्यापाड्यांत जो संध्याकाळी रंगतो, तो हा खेळ अमेरिकेतल्या हिवाळ्यात छपराखाली जन्मला, हे सांगूनही खरे वाटत नाही. आपल्याकडे या खेळांचा एक मार्ग मद्रासवरून आला. स्प्रिंगफील्डच्याच संस्थेत शिकलेले हॅरी क्रो बक यांनी १९२० साली मद्रासला शारीरिक शिक्षणाचे विद्यालय काढले. तेथे तयार झालेले शिक्षक निरनिराळ्या प्रांतांतल्या शाळांत गेले. आमच्या ड्रिलमास्तरांच्या गळ्यातली शिटी कोणत्या वाटेने तेथे पोहोचली असेल, याचा अदमास यावरून येतो.

*

तिकडून इकडे आलेल्यांची ही गोष्ट झाली. इकडून तिकडे गेलेल्या एका खेळाला मात्र छप्पर तेथे गेल्यावर मिळाले, आणि तो खेळ आपल्या पुण्याचा. १८७० च्या सुमारास पुण्याच्या लष्करी वस्तीतले इंग्रज अधिकारी पिसांचे फूल जाळ्यावरून मारण्याचा खेळ खेळत. त्याचे एक नावच 'पूना' असे होते. ते रजेवर विलायतेत गेले तेव्हा खेळ बरोबर गेला आणि ड्यूक ऑफ बोफर्टच्या वाड्याच्या नावावरून बॅडमिंटन या नावाने प्रसिद्ध झाला. आपल्याकडे तो उघड्यावर चाले. इंग्लंडच्या वाऱ्यात ते हलके फूल कोठल्या कोठे उडून जाई. आणि हिवाळ्यात तर बाहेर उभे राहण्याचीच सोय नाही. तेव्हा खेळ दिवाणखान्यात आणि कवायतीच्या दालनांत शिरला. १८९९ साली पहिली अखिल इंग्लंड स्पर्धा झाली तीही छपराखालीच. १९०१ पर्यंत कोर्टाचा आकार मध्ये कमरेसारखा आवळलेला असे. ज्या दालनात तो प्रथम खेळला गेला त्याची दारे आत उघडत आणि त्यांना वाट ठेवायची म्हणून कोर्ट मध्ये अरुंद केले, अशी आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, छप्पर खेळाला कसे वळण लावते ते ती बरोबर सांगते.

येथे एक गंमत पाहा. साहेबाला हिवाळा आला की बॅडमिंटन आत न्यावे लागले. आपल्याकडे हिवाळा आला की ते बाहेर येते. दिवाळी झाली, हवेत गारवा आला, वारा पडला की वाड्यांच्या अंगणांत आणि सोसायट्यांच्या आवारांत चुन्याच्या रेघा उमटतात, दोन दिवे टांगले जातात, आणि रात्री उशिरापर्यंत फुलाचा टप टप आवाज येत राहतो. परंतु जगाच्या स्पर्धेत उतरायचे तर छपराखाली खेळायला शिकावे लागते. सांगलीचे नंदू नाटेकर यांनी १९५६ साली मलायातली सेलांगर स्पर्धा जिंकून परदेशात विजेतेपद मिळविणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू होण्याचा मान मिळविला. पुण्याहून निघालेला खेळ असा वळसा घालून घरी आला.

*

छपराखाली जन्मलेल्या खेळाचे छप्परच काढून घेतले तर काय होते? ते १९३६ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये दिसले. बास्केटबॉलला तेथे प्रथमच रीतसर स्थान मिळाले. म्हातारे नेस्मिथ पाहुणे म्हणून मुद्दाम आले होते. आणि यजमानांनी हा खेळ लावला कोठे? उघड्यावर, टेनिसच्या मातीच्या कोर्टांवर! अंतिम सामना १४ ऑगस्टला, नेस्मिथची कर्मभूमी अमेरिका आणि जन्मभूमी कॅनडा यांच्यात. धो धो पाऊस आला. कोर्टाचा चिखल झाला, चेंडू उसळेना, खेळाडू घसरू लागले. अमेरिकेने १९ विरुद्ध ८ असा विजय मिळविला. ज्या माणसाने पंचेचाळीस वर्षांपूर्वी हिवाळा चुकविण्यासाठी खेळ काढला, त्याच्या डोळ्यांदेखत त्याचा खेळ चिखलात लोळला.

तोच दिवस, तेच शहर, तोच पाऊस. हिंदुस्थान आणि जर्मनी यांचा हॉकीचा अंतिम सामनाही १४ ऑगस्टलाच व्हायचा होता. पावसामुळे तो पुढे ढकलून १५ ऑगस्टला घेतला गेला. मैदान ओलसर होते. ध्यानचंदांनी उत्तरार्धात बूट काढून टाकले असे सांगतात, आणि आपण ८ विरुद्ध १ असे जिंकलो. त्याच वेळी आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखविण्यासाठी बर्लिनला गेले होते. एकाच पावसाने एक खेळ बुडविला, दुसरा एक दिवस थांबविला. मैदानी खेळ पावसाची वाट पाहू शकतो. छपराखालच्या खेळाला मात्र छप्परच लागते.

*

छपराची अडचण एकच, पण मोठी: खर्च. शिवाय पक्के छप्पर घातले की उन्हाळ्यातले आभाळही गेले. हिवाळ्यापुरते घालावे आणि वसंत आला की घडी करून ठेवावे, असे छप्पर असते तर? अशी कल्पना पहिल्या महायुद्धाच्या काळात लँचेस्टर नावाच्या इंग्रज इंजिनियराने मांडली होती; हवेने फुगविलेल्या तंबूत रुग्णालय करावे असा त्याचा बेत. तो कागदावरच राहिला. प्रत्यक्ष काम झाले दुसऱ्या महायुद्धानंतर, आणि तेही हिवाळ्यामुळेच. उत्तरेकडच्या रडार यंत्रांवर बर्फ-वाऱ्यापासून आवरण हवे होते. धातूचे चालेना, कारण रडारच्या लहरी अडतात. बफेलो येथील प्रयोगशाळेत वॉल्टर बर्ड याने १९४८ साली पन्नास फूट व्यासाचा कापडी घुमट नुसत्या हवेवर उभा करून दाखविला. १९५६ साली त्याने यासाठी कंपनी काढली, आणि पुढच्याच वर्षी एका घरगुती तरणतलावावरचा असा घुमट 'लाइफ' साप्ताहिकात झळकला. त्यानंतर थंड देशांतल्या क्लबांनी, शाळा-कॉलेजांनी टेनिसच्या कोर्टांवर असे घुमट उभारायला घेतले. हिवाळ्याच्या तोंडाशी फुगवायचे, बर्फ वितळले की उतरवायचे.

याची युक्ती समजण्याजोगी आहे. घुमटाला खांब नाही, तुळई नाही. पंख्याने आत हवा भरीत राहायचे, म्हणजे आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित अधिक राहतो; साधारण पावशेकडा. आत उभ्या असलेल्या माणसाला तो जाणवतही नाही. पण हिशेब करा: दर चौरस मीटरला पंचवीस किलो जोर धरला, तर एका टेनिस कोर्टाच्या साडेसहाशे चौरस मीटरांवर सोळा टन, म्हणजे चार हत्तींचे वजन उचलेल इतका जोर वरच्या दिशेने लागतो. म्हणून हे छप्पर वर उचलून धरायची काळजी नसते. ते उडून जाऊ नये म्हणून जमिनीला जखडून ठेवावे लागते. दार फिरते ठेवायचे किंवा एकामागे एक दोन दारे करायची, नाहीतर हवा निघून जाणार. पंखा रात्रंदिवस चालू. बर्फ साठू लागले की आतली हवा तापवून ते वितळवायचे.

आणि हिवाळ्याने मनात आणले तर? मिनियापोलिस शहरातले मेट्रोडोम हे प्रचंड क्रीडागृह अशाच हवेवर तरलेल्या छपराचे होते. २०१० च्या डिसेंबरमध्ये पहाटे बर्फाच्या भाराने ते छप्पर फाटले आणि बर्फ धबधब्यासारखे आत कोसळले. सुदैवाने आत प्रेक्षक नव्हते. इतक्या हिवाळ्यांनंतरही हिवाळा हरला, असे म्हणायची सोय नाही.

*

हा सगळा इतिहास वाचून झाल्यावर मनात राहते ते छप्पर नव्हे, तर एक प्रश्न. काही छपरे थोड्यांसाठी घातली गेली आणि काही सगळ्यांसाठी. हॅरोचे कोर्ट थोड्यांचे. फ्रान्समधला प्रेओ सगळ्यांचा. नेस्मिथची मोठेपणाची खूण मला अशी वाटते की त्याने नवी इमारत मागितली नाही. होती ती खोली, होत्या त्या टोपल्या आणि होती ती वैतागलेली माणसे यांतूनच त्याने वाट काढली. ज्या शिक्षकाने "आज भेंड्या" म्हणून तास मिटविला नाही, त्याच्यामुळे जगाला एक खेळ मिळाला. आमच्या ड्रिलमास्तरांना मी दोष देत नाही. त्यांच्याकडे खोलीही नव्हती आणि टोपल्याही नव्हत्या.

गेल्या पावसाळ्यात बऱ्याच वर्षांनी त्या शाळेकडे जाण्याचा योग आला. मैदानाचे तळे तसेच होते. मात्र कडेला लोखंडी खांबांवर पत्र्याची लांबलचक शेड उभी होती. गावकऱ्यांनी वर्गणी काढून घातलेली. खाली साध्या फरशीवर पांढऱ्या पट्ट्यांनी रेघा मारलेल्या. पाऊस असा कोसळत होता की पत्र्यावरच्या आवाजात शिटी ऐकू येत नव्हती. शिक्षिकाबाई हात वर-खाली करून खुणेनेच पंचगिरी करीत होत्या. आत मुलींचा सामना रंगला होता. मुले व्हरांड्याच्या कडेला उभी राहून आपली पाळी कधी येते म्हणून चुळबुळ करीत होती.

मी एका पोराला विचारले, "काय रे, तुमचा तास कधी?"

तो म्हणाला, "ह्यांचा झाला की. पण ह्या मुद्दाम संपवत नाहीत!"